दाव्यास कारण

तक्रारदार: मी. वय बावन्न. पूर्वीचा धंदा तालुका कचेरीसमोर अर्जलेखन, तेवीस वर्षे. सध्या पॅरामॅटा येथील एका सरकारी इमारतीत टपाल विभागात नोकरी. राहणार टूनगॅबी, अकरा टाउनहाउसची वसाहत.

तक्रार कोणाविरुद्ध: उपरोक्त तक्रारदाराविरुद्ध.

घटनेचे ठिकाण: सदर वसाहतीतील व्हिजिटर पार्किंग, कुंपणाकडील जागा.

घटनेची तारीख: गेल्या हिवाळ्यातील एक शुक्रवार. या तारखेस माझ्या मुलीचा आक्षेप असून तो पुढे नमूद केला आहे.

साक्षीदार: एक, माझी मुलगी, वय पंधरा, इयत्ता नववी. दोन, माझी पत्नी, हॉस्पिटलात नर्स, जिच्या व्हिसावर आम्ही तिघे सात वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात आलो.

पक्षकारांची नावे: जाणीवपूर्वक वगळली आहेत. नावाशिवाय अर्ज मी आयुष्यात लिहिला नाही आणि कोणाला लिहू दिला नाही. परंतु यातील एका माणसाचे नाव आधीच न्यायालयाच्या कागदावर चढले आहे, आणि ते माझ्या लेखणीने चढले आहे. तेच नाव माझ्या हातून दुसऱ्यांदा कागदावर जाऊ नये, एवढी खबरदारी मी घेत आहे.

माझे शिक्षण अकरावी, तेही अपुरे. परंतु तालुक्यात माझ्या अर्जाला किंमत होती हे मी नम्रपणे नोंदवतो. सात-बारावरील चुकीची नोंद असो, शाळेतील दाखल्यावरची जन्मतारीख असो, शेजाऱ्याने पन्हाळीचे पाणी अंगणात सोडलेले असो, मी लिहिलेला कागद टेबलावर गेला की कारकून चष्मा लावून वाचत असे. मला हे काम एका वृद्ध वकिलांनी शिकवले. त्यांची शिकवण अशी की प्रत्येक दाव्यात एक परिच्छेद असा हवाच: ‘दाव्यास कारण अमुक तारखेस, अमुक ठिकाणी घडले.’ एक तारीख, एक ठिकाण. दोन कारणे लिहिलीस तर समोरचा वकील एकाने दुसरे कापतो, असे ते म्हणत. मी तेवीस वर्षे एकच कारण लिहीत आलो. माणसे माझ्यासमोर लाकडी बाकावर बसून आजोबांपासूनची हकिगत सांगत. मी ऐकून घेई आणि शेवटी विचारी, ‘ते सगळे ठीक. तारीख कोणती?’

ही सवय घेऊन मी या देशात आलो. येथे माझे इंग्रजी टपालाच्या पाकिटावरील पत्ता वाचण्यापुरते. तरीही टूनगॅबीतील मराठी मंडळींना माझ्या पूर्वीच्या धंद्याची माहिती झाली आणि लोक येऊ लागले. कोणाला घरमालकाला गळक्या नळाबद्दल लिहायचे असे, कोणाला कौन्सिलला झाडाबद्दल. मी मराठीत मसुदा करी, माझी मुलगी त्याचे इंग्रजी करी. सुरुवातीला तिला मजा वाटे. पुढे ती म्हणू लागली, ‘बाबा, एव्हरी लेटर साउंड्स लाइक यू आर सुइंग समवन.’ माझे प्रत्येक पत्र दावा ठोकल्यासारखे वाटते, हे मी कौतुक समजलो.

हिवाळ्यात तिला इतिहासाची असाइनमेंट मिळाली. पहिले महायुद्ध का झाले, आणि जो देश तटस्थ होता तो त्यात का उतरला. रविवारी दुपारी ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. इतिहास हा माझ्या मते एक मोठा दावाच, म्हणून मी खुर्ची ओढून घेतली.

‘फोर मेन कॉजेस आहेत,’ ती म्हणाली. ‘अलायन्सेस, वेपन्स, एम्पायर, नॅशनलिझम.’

‘ही कारणे नव्हेत. ही पार्श्वभूमी. पार्श्वभूमी परिच्छेद दोनमध्ये जाते. तारीख सांग.’

‘ट्वेंटी-एट्थ जून, नाइन्टीन फोर्टीन. सारायेव्हो. पण तो फक्त ट्रिगर आहे, बाबा.’

‘कोण मेले?’

‘ऑस्ट्रियाचा प्रिन्स. अँड हिज वाइफ.’

‘मारणारा?’

‘एक मुलगा. नाइन्टीन.’

‘झाले तर मग. फिर्यादी ऑस्ट्रिया, आरोपी एकोणीस वर्षांचा, ठिकाण सारायेव्हो. दाव्यास कारण पूर्ण.’

तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी कचेरीत खोटा शिक्का आणणाऱ्याकडे पाहत असे. ‘यू कान्ट पुट द होल वॉर ऑन अ नाइन्टीन-इयर-ओल्ड,’ ती म्हणाली. ‘पीपल वेअर रेडी. इयर्सपासून. दे जस्ट नीडेड अ डेट.’

तिचे म्हणणे मी बालिश ठरवले. ते वाक्य मला आज शब्दशः आठवते यावरून मी ते कितपत बालिश समजत होतो, हे वाचकांनी ठरवावे.

आता दोन्ही पक्षांची ओळख.

पहिले गृहस्थ पुण्याचे, बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर. वसाहतीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या स्ट्राटा कमिटीचे सेक्रेटरी. सर्व बाबतीत नेमके. त्यांच्या घरातील कचऱ्याचे डबे सुद्धा रस्त्यावर एका रेषेत उभे राहत. मला ते ‘अर्जसाहेब’ म्हणत. त्यात थट्टा होती तितकाच मानही होता, आणि मी फक्त मान घेत असे.

दुसरा सांगलीकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. कुकरीचा कोर्स करायला विद्यार्थी म्हणून आला, आता पर्मनंट रेसिडेंट, बस चालवतो. किंबहुना, चालवत असे. त्याची पत्नी चाइल्डकेअरमध्ये कामाला, घरात दोन लहान मुले. मला तो काका म्हणे. माझ्या मुलीला शाळेच्या स्टॉपवर पाहिले की बसचा हॉर्न अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल इतका वाजवी. ती लाजे आणि हसे.

त्याच्या घरी दोन गाड्या. पहाटेच्या शिफ्टला जाताना पत्नीची गाडी आड येऊ नये म्हणून एक गाडी तो व्हिजिटर पार्किंगमध्ये लावी. नियमाने ती जागा पाहुण्यांची. सेक्रेटरींनी एकदा सांगितले, दोनदा सांगितले, मग त्या गाडीचे फोटो वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. फोटोखाली काही लिहीत नसत. नुसता फोटो, रोज सकाळी.

दोघेही माझ्या डायनिंग टेबलावर आले. वेगवेगळ्या दिवशी.

सेक्रेटरी म्हणाले, ‘अर्जसाहेब, तुम्ही रोज सहाच्या आत घर सोडता. गाडी तिथे दिसते का नाही, एवढंच लिहून द्या. मला मत नको, फॅक्ट्स हवेत. तुम्ही न्यूट्रल आहात म्हणून तुमच्याकडे आलो.’

न्यूट्रल या शब्दाने मी सुखावलो. अर्ज लिहिणाऱ्याला बाजू नसते, हे मी आयुष्यभर सांगत आलो. मी त्यांना वार, वेळ आणि शेरा अशा तीन रकान्यांचा तक्ता करून दिला. तीन आठवड्यांचा. शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात ‘आढळून आली’ असे पुन्हा पुन्हा लिहिले.

त्यानंतरच्या गुरुवारी बसवाला आला. चहा पुढे ठेवला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

‘काका, ग्रुपवर तक्ता आलाय. मी काय चोर आहे का? असं काहीतरी लिहा की त्याची झोप उडाली पाहिजे.’

‘झोप उडवणे हे कागदाचे काम नाही. मुदत देणे हे कागदाचे काम.’

‘मग द्या मुदत. फोटो काढायचे बंद, ग्रुपवर माफी.’

‘सात दिवस देऊ.’

‘सात दिवसांत अजून सात फोटो येतील की.’

‘अठ्ठेचाळीस तास.’

‘हां. आता कसं.’ मग तो म्हणाला, ‘गेल्या गणपतीत आरतीला पाहुणे आले होते बघा. त्यांना माझी ओळख काय करून दिली? “हे आमचे बसवाले, यांच्यामुळे आपली सोय आहे.” सगळे हसले. मी पण हसलो. ते पण टाका.’

‘ते पार्श्वभूमीत जाते,’ मी म्हणालो, आणि टाकले नाही.

तक्ता माझा होता हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही. दोन्ही पक्षांचे कागद एकाच हाताचे असणे आमच्या धंद्यात नवे नाही. कचेरीसमोर भाऊभाऊ एकाच दिवशी माझ्या दोन बाजूंना बसून गेले आहेत. ‘लिहिणाऱ्याचे नाव कुठे येत नाही,’ मी त्याला बजावले, ‘सही तुझी.’ तो म्हणाला, ‘काका, तुमचं नाव कशाला घेतो मी.’

मसुदा तयार झाला. मुलगी इंग्रजी करायला बसली, तो शेजारी बसून पाहत होता. अठ्ठेचाळीस तासांपाशी ती थबकली आणि खदखदून हसली. ‘बाबा! धिस इज लिटरली द अल्टिमेटम. ऑस्ट्रियाने सर्बियाला दिला होता. फोर्टी-एट अवर्स. सेम!’ तिने पुस्तकातले पान दाखवले. सर्बियाने जवळजवळ सगळ्या मागण्या मान्य केल्या होत्या, एक सोडून. तरी युद्ध झालेच, असे तिने सांगितले. बसवालाही हसला. एका साम्राज्याच्या परराष्ट्र खात्याचा आणि माझा मसुदा मुदतीच्या कलमात जुळला याचा मला, खरे सांगतो, अभिमान वाटला. त्या मागण्या लिहिणाऱ्यांना नकारच हवा होता, असे पुस्तकात पुढे छापले होते. ती ओळ मी नंतर वाचली.

शेवटच्या वाक्यापाशी मात्र ती हसली नाही. ते वाक्य असे: ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’

हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. आपल्याकडे वीज मंडळ ते ग्राहकाला लिहिते, शाळा ते पालकाला लिहिते, पतसंस्था ते जामीनदाराला लिहिते. त्याचा अर्थ कोणी लावत नाही. ते वाक्य आले म्हणजे मजकूर संपला आणि खाली सही पाहायची, एवढाच त्याचा उपयोग.

मुलीने टाइप केलेले मोठ्याने वाचले. ‘अदरवाइज यू विल बी फुली रिस्पॉन्सिबल फॉर व्हॉटएव्हर हॅपन्स. बाबा, धिस साउंड्स लाइक अ थ्रेट.’

‘धमकी नव्हे. नमुना आहे.’

‘व्हॉट हॅपन्स? काय होणार आहे?’

‘काही होणार नाही. जसेच्या तसे ठेव.’

‘आर यू शुअर?’

‘तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हे वाक्य लिहितो आहे.’

तिने ठेवले. त्याने सही केली. शुक्रवारी दुपारी, शिफ्ट संपवून, त्याने तो लिफाफा सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवला. कमिटीच्या दप्तरी राहावे म्हणून फक्त इंग्रजी प्रत. मराठी प्रत माझ्या फायलीत राहिली.

रविवारी पोलिसांची गाडी त्याच व्हिजिटर पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. तरुण कॉन्स्टेबल होती. ती बसवाल्याच्या दारात पाव तास बोलत होती. आवाज चढला नाही. मी खिडकीतून पाहत होतो. ती गेल्यावर तो तसाच दारात उभा राहिला, चपला न घालता, थंडी असून.

संध्याकाळी तो मागच्या दाराने आला. ‘काका, तिने विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हणालो मी.’

मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, ‘योग्य केलेस.’

पोलिसांनी त्याच्याविरुद्ध संरक्षण आदेशासाठी अर्ज केला. म्हणजे समोरच्या कुटुंबाला त्याच्यापासून भीती आहे, त्याने त्यांच्या जवळ जाऊ नये, असा न्यायालयाचा आदेश. तो गुन्हा नव्हे, असे सर्वांनी सांगितले. परंतु बस चालवणाऱ्याला माणूस म्हणून चांगला असल्याचा दाखला लागतो. डेपोला कळवणे भाग होते. निकाल लागेपर्यंत त्याला रस्त्यावरून काढून यार्डात बस धुण्याच्या कामावर लावले. नागरिकत्वाचा अर्जही त्याने नुकताच भरला होता, आणि त्यात असे काही आपल्यावर चालू आहे का, हे विचारलेले असते.

न्यायालयाची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. माझ्या एका जबाबाने पोलिसांचा अर्ज मागे घेतला जाण्याची शक्यता होती. शब्द माझे होते, मसुदा माझ्या फायलीत माझ्या अक्षरात होता. मी रोज सहाच्या आत घर सोडले, पॅरामॅटाला टपालाच्या गाड्या ढकलल्या, घरी आलो. तीन आठवडे.

पत्नीने पहिल्याच आठवड्यात विचारले, ‘अहो, तुम्ही जाणार आहात ना पोलिसांकडे?’

‘इंग्रजी मुलीने केले आहे. मी गेलो तर तिला बोलावतील.’

‘तिला बोलावतील की तुम्हाला लाज वाटते?’

‘मी दोघांचाही शेजारी. मी तटस्थ आहे.’

ती नाइट ड्यूटीहून आली होती. तिने युनिफॉर्म धुवायला टाकला आणि माझ्याशी दोन दिवस कामापुरतेच बोलली.

त्या दिवसांत मुलीच्या असाइनमेंटचा दुसरा भाग चालू होता. अमेरिका का उतरली. मला वाटले, येथे तरी मी उपयोगी पडेन. मी तिला तटस्थ शब्दाची फोड सांगितली: तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, जो पाण्यात नाही.

‘बट दे वेअर इन द वॉटर,’ ती म्हणाली. ‘दे वेअर सेंडिंग स्टफ. शिप्स भरून. मोस्टली टु वन साइड. एका साइडला वाटत होतं अमेरिका आपली आहे, दुसरीला वाटत होतं त्यांची आहे. मग जर्मनीने शिप्स बुडवल्या.’

‘म्हणजे स्वतःचे जहाज बुडाल्यावरच जाग आली.’

‘नॉट इव्हन देन. लगेच नाही. मग एक सीक्रेट टेलिग्राम सापडला. जर्मनीचा, मेक्सिकोला. की तुम्ही अमेरिकेवर ॲटॅक करा.’

शेवटी एक पत्रच, असे मी मनात म्हणालो. मला त्यात रस वाटला. ‘कोणी लिहिले ते?’

‘त्यांच्या फॉरेन मिनिस्टरने. अँड धिस इज द वियर्ड बिट, बाबा. अमेरिकेत लॉट्स ऑफ पीपल थॉट इट्स फेक. त्याने नुसतं नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. बट ही जस्ट सेड, हो, मीच लिहिलं.’

‘काय गरज होती?’

‘डोन्ट नो.’ तिने लॅपटॉपचे झाकण अर्धे मिटले. ‘पण त्याने सांगितलं.’

मग मी तिला समजावू लागलो की माझा प्रश्न वेगळा आहे, की मी गेलो तर तिच्या शाळेत कळेल, की तिच्या भवितव्याच्या दृष्टीने—

‘बाबा, कारणं देऊ नको.’

ती इंग्रजीत बोलली असती तर मी सावरलो असतो. ती ते मराठीत बोलली, तिच्या आईच्या सुरात. जो शब्द मी तेवीस वर्षे दाव्याच्या परिच्छेदात तारीख घालून लिहिला, तोच शब्द आपल्या घराघरांत कशासाठी वापरतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. मी आजवर सबब लिहीत होतो आणि तिला कारण म्हणत होतो, हे मात्र मला त्या दिवशी पंधरा वर्षांच्या मुलीकडून समजले. ‘तक्ता तू केलास,’ ती पुढे म्हणाली, ‘लेटर पण तूच केलंस. आणि टाइप मी केलं. मला विचारलंस का? ऑस्ट्रेलियाला पण कुणी विचारलं नव्हतं. ब्रिटन वॉरमध्ये गेलं आणि वी वेअर इन. जस्ट लाइक दॅट.’

मी अकरा पानांचा जबाब मराठीत लिहून काढला. परिशिष्टांसह. तिच्यापुढे ठेवला.

‘आय ॲम नॉट डुइंग धिस वन,’ ती म्हणाली. ‘तुझ्या इंग्रजीत सांग.’

न्यायालयाच्या तारखेला मी रजा घेतली. ट्रेनमध्ये मी एका चिठ्ठीवर तीन वाक्ये घोकत होतो. आय राइट धिस लेटर. ही ओन्ली साइन. लास्ट लाइन इज ओल्ड हॅबिट. एवढेच माझे इंग्रजी, आणि अकरा पाने बॅगेत.

न्यायालयाच्या व्हरांड्यात बसवाला आणि त्याची पत्नी बाकावर बसली होती. शेजारी सरकारी मदतीची वकीलबाई, हातात सात-आठ फायली. मी तिच्यासमोर उभा राहून तिन्ही वाक्ये म्हटली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि जे सांगितले ते बसवाल्याने मला मराठीत सांगितले. तीन आठवड्यांपूर्वी हे उपयोगी पडले असते. आता त्याने आदेशाला संमती दिली आहे. आरोप मान्य न करता, एका वर्षासाठी. कागद आत गेले आहेत.

‘अरे, पण लढायचे होतेस,’ मी म्हणालो. ‘मी आलो आहे ना.’

‘लढलो असतो तर लेटर कुणी लिहिलं, इंग्रजी कुणी केलं, सगळं निघालं असतं काका. बाई म्हणाल्या, पोरीला उभं करायला लागेल. नववीतली पोर.’ तो जमिनीकडे पाहत होता. ‘मी नको म्हणालो.’

त्याची पत्नी उठून पाण्याच्या नळाकडे गेली. ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही, नंतरही नाही.

मी म्हणालो, ‘तक्ताही माझाच होता.’ हे तेथे, त्या क्षणी सांगण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. तरी सांगितले.

तो हसला. थकलेल्या माणसाचे हसू. ‘माहितीय. “आढळून आली” असं दुसरं कोण लिहितं टूनगॅबीत?’

दोन महिन्यांनी ते डार्विनला गेले. तेथे हॉस्पिटलात पेशंटना स्ट्रेचरवरून नेण्याआणण्याचे काम त्याला मिळाल्याचे पत्नीला तिच्या मैत्रिणींकडून कळले. व्हिजिटर पार्किंगमध्ये आता पाहुण्यांच्या गाड्या लागतात, आणि पुष्कळदा ती जागा रिकामीच असते.

सेक्रेटरींशी माझी गाठ कचऱ्याच्या डब्यांपाशी पडली. मी धीर करून म्हणालो, ‘साहेब, ते वाक्य तुम्ही आयुष्यात शंभर वेळा वाचले असेल. तुम्ही पुण्याचे. ते कशाचे आहे हे तुम्हाला कळले नाही?’

‘मराठीत वाचलंय, अर्जसाहेब. शंभरदा वाचलंय.’ त्यांनी डबा रेषेत लावला. ‘पण हे इंग्रजीत आलं, आणि आधी माझ्या बायकोने वाचलं. ती घरी एकटी होती. मी ऑफिसातून येईपर्यंत ती दार लावून बाथरूममध्ये बसली होती. मी तिला काय सांगायचं, की हा आपल्याकडचा नमुना आहे?’ मग आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘तुमचं घर माझ्यापासून चार दारं. शनिवारी तुम्ही येऊन एवढं सांगितलं असतं, तर मी पोलिसांकडे गेलो नसतो. तो दोन पोरांचा बाप आहे हे मलाही कळतं.’

त्यांच्यावर सर्व ढकलण्याची माझी तयारी होती. ती त्या ठिकाणी संपली.

त्यानंतर मी वारंवार तो परिच्छेद लिहून पाहिला आहे. दाव्यास कारण शुक्रवारी, दाराखालून लिफाफा सरकवला तेव्हा घडले. खोडले. गणपतीच्या आरतीला, ओळख करून देताना सगळे हसले तेव्हा घडले. मीही त्या हसणाऱ्यांत होतो. खोडले. तक्त्यात पहिल्यांदा ‘आढळून आली’ लिहिले तेव्हा. मुलीने ‘आर यू शुअर’ विचारले तेव्हा. शनिवारी मी चार दारे चालून गेलो नाही तेव्हा. माझे गुरू असते तर म्हणाले असते, इतकी कारणे लिहिलीस तर दावा उडेल. उडू दे. ही सगळी खरी आहेत आणि यातील एकही खोडण्याचा अधिकार मला उरलेला नाही. मुलीच्या शाळेच्या रस्त्यावर युद्धस्मारक आहे; त्यावर या परिसरातील मुलांची नावे कोरली आहेत. आता तेथून जाताना मला वाटते, यातील कितीजणांना सारायेव्हो नकाशात दाखवता आले असते?

मुलीची असाइनमेंट चांगली झाली असावी. तिने ती मला दाखवली नाही, मी मागितली नाही. तिने आता माझ्यासाठी इंग्रजी करणे सोडले आहे आणि मी अर्ज लिहिणे. परंतु एक कागद तिने माझ्या नकळत लिहिला. डार्विनला, बसवाल्याच्या पत्नीला, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ सगळे चुकलेले, एक पान. पत्नीने टपालात टाकण्यापूर्वी मला दाखवले. त्यात होते, ‘माझ्या इंग्लिशमुळे झाले. मला वाटले होते की चुकीचे आहे, तरी मी टाइप केले. सॉरी.’

त्याला चार महिने झाले. उत्तर नाही. ती रोज विचारीत नाही, पण टपालपेटीशी थांबते. टपालाच्या कामात मुरलेल्या माणसाला तेवढे कळते.

सबब माझी विनंती अशी की, डार्विन येथील सदर दांपत्याने तिच्या पत्रास, शक्य तितक्या लवकर, निदान एका ओळीचे उत्तर द्यावे. मुदत मी घालत नाही. उत्तर मराठीत असावे की इंग्रजीत, हे त्यांनी ठरवावे. तिचे इंग्रजी चुकले नव्हते, ते बरोबर होते, आणि तिने वेळीच हरकत घेतली होती, एवढे त्यात त्यांच्या तोंडून यावे. माझ्या तोंडून ते तिला पटत नाही. पत्र तिच्या नावे यावे. माझ्याबद्दल काय लिहावे याविषयी माझी कोणतीही मागणी नाही.

हे मी स्वतः लिहिले आहे आणि खाली सहीही माझीच आहे.